कृती सांगू नको

चूक माझी होती. ते आधी कबूल करून टाकतो, कारण श्रीलंकेच्या त्या यात्रेवरून शकुमावशीला नावं ठेवणारे वसमतमध्ये अजून दोन-चार जण आहेत. मूळ गुन्हेगार कोण, हे त्यांना एकदा कळलेलं बरं.

२००४ चा जानेवारी होता. बसस्टँडासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. म्हणजे दुकान होतं, वीज नव्हती. धम्मयात्रेचा फॉर्म घेऊन शकुबाई खिल्लारे आली, स्टुलावर बसली, सगळ्यात आधी खाली सही ठोकली आणि उठली.

"बाकीचं तू भर रे परमोद. मला कुरुंद्याची गाडी गाठायची हाय."

"मावशी, वाचून तरी बघ."

"तू शिकलेला हायेस ना? मग मी काहून वाचू?"

गेली. मी नाव भरलं, गाव भरलं, वय अठ्ठावन्न भरलं, रक्तगट 'माहीत नाही' असा भरला. शेवटी एक रकाना होता: 'यात्रेत आपण कोणती सेवा द्याल?' आमच्याकडच्या यात्रांची ही जुनी रीत आहे. नुसता प्रवासी म्हणून कोणी येत नाही. कोणी वंदना म्हणतो, कोणी कर्णा उचलतो, कोणी औषधांची पिशवी सांभाळतो. मी पेन उचललं आणि लिहिलं: 'स्वयंपाक'. विचारायची गरजच वाटली नाही. सूर्याच्या फॉर्मवर 'सेवा: उजेड' लिहायला कोणी सूर्याची परवानगी घेतं का?

वर मला वाटलं, आपण मावशीचा मोठा गौरव केला.

शकुबाईने वसमतच्या मुलींच्या एका वसतिगृहात सव्वीस वर्षं स्वयंपाक केला होता. नवरा रामजी हळकुंडं पॉलिश करायच्या ड्रमवर कामाला होता. तो लवकर गेला. पदरात एक पोरगं. बाई कुरुंद्याहून पत्र्याची पेटी घेऊन आली आणि ऐंशी पोरींच्या चुलीपुढं उभी राहिली ती निवृत्तीच्या दिवशीच बाजूला झाली. सोमवारी वरण, मंगळवारी बेसन, बुधवारी पुन्हा वरण. भाकऱ्यांचा तर हिशोबच नको. तिच्या दोन्ही मनगटांवर तव्याच्या काठाने उमटलेले चंद्रकोरीसारखे डाग होते, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे.

पहिल्या वर्षी काही पालकांनी कुरकुर केली की हिच्या हातचं आमच्या पोरी खाणार नाहीत. अधीक्षक बाई घाबरल्या. शकुबाई घाबरली नाही. तिने पातेल्यावरचं झाकण काढलं, फोडणीचा वास अंगणभर जाऊ दिला आणि दारात उभी राहून म्हणाली, "ज्याला भूक लागली त्यानं बसावं. ज्याच्या जातीला भूक लागली त्यानं घरी जावं." त्या दिवशी सहा पोरी घरी गेल्या. आठवड्याभरात पाच परत आल्या. सहावीचं लग्न झालं म्हणतात, त्यामुळे तिचा हिशोब धरता येत नाही.

पण तिच्या मनात श्रीलंका कुठून शिरली, ते सांगायचं तर १९९४ सालच्या एका डब्यापाशी जावं लागतं. सेनगावकडच्या एका तांड्यावरची शिवकन्या नावाची मुलगी वसतिगृहात होती. तिची आई भेटायला आली ती डब्यात कसल्याशा रानपाल्याचं कालवण घेऊन. शकुबाईने एक घास घेतला आणि तिचे डोळेच मोठे झाले. आंबट होतं, पण चिंच नव्हती. खमंग होतं, पण शेंगदाणा नव्हता. तिला काही उमगेना. तो डबा तिने भिंतीकडे तोंड करून संपवला आणि मग व्हायचा तो घोटाळा केला. त्या माऊलीला कृती विचारली. तिनेही मोकळ्या मनाने सांगितली. दुसऱ्या दिवशी शकुबाईने तसंच्या तसं रांधलं, बरोबर तीच चव आली, आणि सगळी मजा गेली.

"कृती कळली अन् ते माझ्या कामात जमा झालं," ती सांगायची. "त्याच्या आधी दहा मिनिटं मी जेवणारी होते. नंतर पुन्हा रांधणारी."

तेव्हापासून तिने डोक्यात एकच घेतलं होतं. असं कुठंतरी जायचं, जिथं आपल्या ताटात काय पडलंय हे आपल्याला कळणार नाही. आणि ते दुसऱ्या कोणीतरी वाढलेलं असेल. निवृत्तीचे पैसे हातात पडले आणि किसनरावांची यात्रा निघते आहे असं कळलं, तेव्हा तिने सून ज्योतीला हे शब्दन् शब्द सांगितलं.

"आत्याबाई, लोक बोधिवृक्ष बघायला चाललेत अन् तुमी काय जेवायला चालल्या?"

"दोन्हीला. झाड डोळ्यानं बघते, बाकीचं तोंडानं. दोन्ही एका टायमाला चालतेत."

ज्योतीला सांगितलं, गल्लीला सांगितलं, दळणाच्या रांगेत सांगितलं. मीच तेवढा ऐकत नव्हतो.

आता किसनराव. निवृत्त शिक्षक, माणूस सरळ, पण एकदा छापलेल्या कागदावर त्यांचा बुद्धवचनाइतकाच विश्वास. एकतीस माणसांची यात्रा, अकरा दिवस, परमुलूख; लोकांचं पोट बिघडू नये म्हणून आपलंच पीठ, आपलीच डाळ आणि आपलाच आचारी न्यायचा असा बेत होता. एक आचारी ठरवलाही होता. माझ्या हातचा फॉर्म वाचला आणि त्यांनी आचाऱ्याला नको म्हणून कळवलं. शकुबाईकडून यात्रेचे पैसे मात्र पूर्ण घेतले. सेवा ती सेवा, पैसे ते पैसे. त्यांच्या लेखी त्यात काही गैर नव्हतं. तिला सांगायचंही त्यांना सुचलं नाही. तिनेच तर लिहून दिलं होतं!

नांदेडहून बसने हैदराबाद, हैदराबादहून रेल्वेने चेन्नई, आणि चेन्नईहून विमान. विमानात शकुबाईला एक ट्रे मिळाला. त्यात डाळभातच निघाला. "ह्यांच्यापाशी बी आमच्याच अधीक्षक बाई हायेत वाट्टं," असं म्हणून तिने तो खाल्ला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

कोलंबोला विहाराच्या धर्मशाळेत उतरल्यावर किसनरावांनी तिला मागच्या बाजूला नेलं. एक मोठी शेगडी, दोन पातेली, आणि भिंतीशी वसमतहून आलेली पोती.

"शकुबाई, हे तुमचं राज्य."

"कोणाचं?"

"तुमचं. संध्याकाळी साधी खिचडी टाका. लोक थकलेले आहेत."

"सर, तुमी मला काहून सांगून राहिले? आचारी कुठंय?"

किसनरावांनी बॅगेतून फॉर्म काढला. शकुबाई चौथी शिकलेली. तिने तो उजेडात धरून सावकाश वाचला.

"सही माझी हाय. बराबर. अक्षर त्या स्टँडावरच्या गाढवाचं हाय."

(हे मला नंतर तीनदा ऐकवण्यात आलं.)

"अहो, सेवा म्हणजे पुण्याचं काम," किसनराव म्हणाले.

"मग ते ज्याच्या मनात हाय त्यानं करावं. माझ्या मनात न्हाई. मी सव्वीस वर्षं केलं, अन् ते पुण्यासाठी न्हाई, पगारासाठी केलं."

"एकतीस माणसं उपाशी राहतील, शकुबाई."

इथं ती अडकली. उपाशी माणसाला उठवून लावणं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. तिच्या सगळ्या बंडाचं मूळच ते होतं. तिने पदर खोचला, खिचडी टाकली, आणि पहिल्या पंगतीला वाढतानाच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आज घ्या. मी हितं रांधायला आलेली न्हाई. सरांनी दुसरी तजवीज करावी."

सरांनी मान डोलावली आणि तजवीज केली नाही. दुसऱ्या दिवशी 'फक्त आजच्या दिवस' असं म्हणून पुन्हा तिच्याकडूनच भाकरी-बेसन करून घेतलं. ती शिदोरी घेऊन सगळे समुद्रावर गेले.

समुद्र शकुबाईने पहिल्यांदाच पाहिला. मग लक्ष्मीबाईला, म्हणजे कुरुंद्याच्या सत्तरीच्या म्हातारीला, कोपराने ढोसून म्हणाली, "येलदरीचं धरण ह्याच्यापुढं चूळ भरल्यावानी हाय की गं." किनाऱ्यावर हातगाड्यांची रांग होती. एका गाडीवर चपट्या वड्यांवर अख्ख्या कोळंब्या चिकटवून तळत होते, मिशा-पायांसकट. तेलाचा, कांद्याचा आणि आणखी कसला तरी वास. कसला, ते शकुबाईला ओळखू येईना. तिचे पाय आपोआप तिकडे वळले.

"शकुबाई!" मागून किसनराव. "बाहेरचं कोणी काही खायचं नाही. अकरा दिवस मी तुम्हाला ठणठणीत परत नेणार आहे."

पैसे त्यांच्याकडेच होते. सगळ्यांचे पैसे एकत्र बदलून त्यांनी कमरेच्या पट्ट्यात ठेवले होते. मग एकतीस माणसं हिंदी महासागराकडे तोंड करून बसली आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर बेसन-भाकर खाऊ लागली. शकुबाईने घास घेतला. तेच मीठ, तीच मिरची, तोच आपला हात.

"एवढ्या लांब येऊन मी मलाच खाऊन राहिले," ती लक्ष्मीबाईला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अनुराधपूर. संध्याकाळी किसनरावांनी दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला. पहाटे सगळ्यांनी तिथल्या बोधिवृक्षाला, म्हणजे मूळ झाडाच्या फांदीपासून वाढवलेल्या पिंपळाला, जायचं, तिथून पुढे डोंगरावरचा विहार, आणि दुपारी एकला परत येऊन जेवण.

"शकुबाई, तुम्ही उद्या इथंच थांबा. संध्याकाळी मी स्वतः तुम्हाला नेतो. झाड काय कुठं पळून चाललंय?"

"झाड न्हाई पळत सर, बस पळती. मी थांबणार न्हाई. आताच सांगून ठेवते, मागून म्हणू नका."

ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची रीत नव्हती. जे होतं ते तोंडावर. पण किसनरावांनी आयुष्यभर वर्गात 'मी करणार नाही' हे वाक्य ऐकलं होतं आणि तरीही गृहपाठ वसूल केला होता. पहाटे त्यांनी हलक्या आवाजात सगळ्यांना उठवलं, हिला उठवलं नाही.

शकुबाई उठली तेव्हा अंगण रिकामं होतं. खोलीच्या उंबऱ्यावर दोन टोपल्या वांगी आणि एक भोपळा नीट मांडून ठेवलेला होता.

वांग्यांकडे तिने किती वेळ बघितलं, ते तिलाही सांगता येत नाही. "ओरडायला पाहिजे होतं," ती म्हणाली, "पण ओरडायला बी माणूस लागतो ना समोर." मग तिने वांगी उचलून कोठीच्या खोलीत ठेवली. पीठ, डाळ, तेल, शेगडी सगळं तिथंच होतं. दाराला कुलूप घातलं. सव्वीस वर्षांच्या सवयीने किल्ली कमरेला खोचली. तोंड धुतलं, विमानासाठी घेतलेली पांढरी साडी नेसली आणि रस्त्यावर आली.

बोधिवृक्ष कुठं आहे, हे कोणाला विचारणार? भाषा येत नव्हती. पण पांढऱ्या कपड्यातल्या बायका हातात कमळं घेऊन एकाच दिशेने चालल्या होत्या. ती त्यांच्या मागं चालू लागली. एकीने न बोलता आपल्या हातातलं एक कमळ तिला दिलं.

झाड तिने पोटभर बघितलं. सोनेरी कठडे, खाली गार वाळू, आणि वयाने वाकलेल्या फांद्यांना टेकू दिलेले. "म्हाताऱ्या माणसाला काठी देतेत तसं," ती सांगते. "मला ते लई आवडलं. एवढं मोठं झाड, पण काठी घ्यायला लाजलं न्हाई." तिथून पुढे पांढराशुभ्र घुमट, एवढा थोरला की त्याच्याभोवती फिरता फिरता ऊन डोक्यावर आलं. फरशी तापली, पाय भाजू लागले आणि पोटात कावळे कोकलू लागले.

रस्त्याच्या कडेला माडाच्या झावळ्यांचं एक छप्पर होतं. खाली दोन बाकं, आणि चुलीपुढे तिच्याच वयाची, ठेंगणी, काळीसावळी, छिटाचा झगा घातलेली बाई. शकुबाई बाकावर जाऊन बसली. दुसऱ्याच्या चुलीपुढे, हात बांधून. असं तिने आधी कधी केलं नव्हतं.

त्या बाईने काहीतरी विचारलं. शकुबाईने चुलीकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे. एवढ्यावर व्यवहार झाला.

आधी आली कपभर हिरवीगार कढत पेज, आणि सोबत काळ्या गुळाचा खडा. पेजेत कोणता पाला आहे, हे तिला ओळखता आलं नाही. गूळ उसाचा नव्हता, त्याला धुराचा वास होता. तिने खडा पुन्हा एकदा हुंगला. मग त्या बाईने एक छोटी खोलगट कढई घेतली, पातळ पीठ ओतलं, दोन्ही हातांनी कढई गरकन फिरवली आणि वर झाकण टाकलं. क्षणात एक वाटी बाहेर आली. खरोखर वाटी! काठ कागदासारखे पातळ, कुरकुरीत, जाळीदार. आणि बुडाशी पांढरं, लुसलुशीत, पावासारखं. त्यावर खोबऱ्याची लालभडक ओली चटणी.

शकुबाईने काठ मोडला. कर्र झालं. मग बुडाचा मऊ तुकडा चटणीला लावून तोंडात टाकला.

"हे आंबलं कशानं?" तिच्या डोक्यातली स्वयंपाकीण लगेच उठून बसली. "काठ उभा कसा राहिला? खाली आलं कसं न्हाई?" तिने त्या स्वयंपाकिणीला दामटून खाली बसवलं आणि दुसरा घास घेतला.

ती बाई हे सगळं बघत होती. गिऱ्हाईक एवढं चकित झालेलं पाहून तिला आनंद झाला. ती पिठाचं मडकं उचलून घेऊन आली, झाकण काढलं, एका हाताने तांदूळ दाखवू लागली, दुसऱ्या हाताने नारळ.

शकुबाईने झटकन तिच्या हातावर हात ठेवला. "नको! नको माय. कृती सांगू नको."

मराठीत सांगितलं. त्या बाईला ते कसं कळलं कोण जाणे. मडकं परत जागेवर गेलं. पण हात हातात आला तेव्हा तिचं लक्ष शकुबाईच्या मनगटाकडे गेलं. तिने ते उजेडाकडे वळवलं. मग स्वतःचा हात शेजारी धरला. त्याच चंद्रकोरी, तशाच एकाखाली एक. तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, "सोमावती." शकुबाईनेही नाव सांगितलं. दोघी हसल्या. सोमावतीने आणखी एक वाटी कढईत फिरवली. त्याला तिकडे आप्प म्हणतात, हे मावशीला वसमतला आल्यावर मी सांगितलं. त्यावरही ती चिडली: "नाव तरी राहू द्यायचं होतं रे!"

चार खाल्ले. चौथ्यात अंडं होतं. मग कमरेला हात घातला तर किल्ली होती, पैसे नव्हते. तिने रिकामे तळवे दाखवले, धर्मशाळेकडे बोट केलं, परत येते अशी खूण केली. सोमावतीने हात उडवला: जा गं.

शकुबाई धर्मशाळेत पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. बस येऊन उभी होती. पायऱ्यांवर माणसं पिशव्यांना टेकून बसली होती आणि किसनराव कुलपापुढे येरझाऱ्या घालत होते.

"शकुबाई! एकतीस माणसं उपाशी आहेत!"

"तीस म्हणा सर. मी जेवले."

कोणीतरी हसलं. वसमतच्या बँकेतला हरिचंद शिपाई असावा, कारण त्याने लगेच कॅमेऱ्यात तोंड घातलं.

"हे शोभतं का तुम्हाला? तीर्थाला येऊन अडवणूक?"

"अडवणूक कोणी केली? मी काल सांगितलं का न्हाई? तुमी मला निजलेली सोडून गेले. वांगी ठेवून गेले! माझ्या उशाला वांगी, अन् तुमी झाडाखाली 'सर्वांचं कल्याण होवो' म्हणून आले. सर्वांत मी धरली होती का न्हाई, ते सांगा सर."

किसनरावांनी कुलूप एकदा हिसडून बघितलं. मग नेहमीचा हुकमी आवाज काढून म्हणाले, "किल्ली द्या."

"घ्या की." तिने कमरेची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "आत पीठ हाय, डाळ हाय, तेल हाय, तुमची वांगी बी हायेत. हात तुमच्यापाशी हायेतच."

सगळे किसनरावांच्या हातांकडे बघू लागले. चाळीस वर्षं खडू धरलेले हात. पायरीवरून लक्ष्मीबाईने विचारलं, "काय खाल्लंस गं शकू?"

"नाव ठाऊक न्हाई."

"कशाचं असतंय?"

"ते बी ठाऊक न्हाई."

"मग चांगलं असंल का?"

"चार खाल्ले."

लक्ष्मीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल मग. मला साखरेची बिमारी हाय, मला काय सांजपत्तर वांग्याची वाट बघता येती?" तिच्या मागोमाग हरिचंद उठला. त्याने पट्ट्यातले थोडे पैसे काढून देण्याबद्दल किसनरावांना अदबीने विनंती केली आणि पट्ट्याकडे हात पुढे करून तिथेच उभा राहिला. पैसे निघाले. मग कुरुंद्याची मंडळी उठली, मग हिंगोलीची. तीस-बत्तीस पावलांवर जाऊन शकुबाईने मागे वळून पाहिलं तेव्हा अंगणात एकटे किसनराव होते, हातात किल्ली घेऊन.

सोमावतीच्या छपराखाली त्या दुपारी दोन बाकांवर एवढी माणसं कशी मावली, कोण जाणे. कोणाला आप्प आवडले, कोणी नाकं मुरडली, एकाने चटणीत सुकी मासळी आहे म्हणून ठसका लागल्याचं सोंग केलं आणि मग तीच पुन्हा मागून घेतली. शकुबाई चुलीजवळ गेली नाही. वाढायलाही उठली नाही. "मावशी, जरा पाणी..." असं एकजण सवयीने म्हणाला, तेव्हा तिने त्याला माठ दाखवला.

पैसे द्यायची वेळ आली. सोमावतीने सगळ्यांचे घेतले. शकुबाईच्या आधीच्या चारांचे पैसे हरिचंदने पुढे केले तेव्हा तिने ते परत सारले. शकुबाईने पुन्हा पुढे केले. तिने पुन्हा सारले. मग दोन्ही तळवे एकमेकांवर थापून दाखवले, थप थप थप, आणि बोट शकुबाईवर रोखलं, मग स्वतःच्या तोंडाकडे नेलं. तुझ्या हातचं मला खाऊ घाल.

सव्वीस वर्षांत आणि तीन दिवसांत शकुबाईला सगळ्यांनी रांधायला सांगितलं होतं. पण सांगणारा आधी तिला पोटभर जेवू घालून मग मागतोय, असं हे पहिल्यांदाच होत होतं. "व्हय," ती म्हणाली. "उद्या सकाळी."

धर्मशाळेत परत आली तर शेगडीपुढे किसनराव बसले होते. त्यांनी खिचडी केली होती. तळाला करपलेली, वर कच्ची. ते एकटे, ताठ बसून ती खात होते. शकुबाईने उभ्याउभ्याच पातेल्यातून चिमूटभर तोंडात टाकली.

"मीठ न्हाई सर."

"असू दे."

तिने मिठाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. "घाला. मी न्हाई घालणार, तुमी घाला." मग थोडी आणखी तोंडात टाकून म्हणाली, "ह्याची बी कृती मला ठाऊक न्हाई. अशी खिचडी म्या जन्मात खाल्ली न्हाई."

किसनराव हसले नाहीत, पण मीठ घातलं. उरलेल्या सगळ्या दिवसांत शेगडी पुन्हा पेटली नाही. पिठाची पोती त्यांनी एका विहाराला दान केली आणि पावती घेतली.

त्याआधी शकुबाईने त्यातलं दोन मुठी ज्वारीचं पीठ पिशवीत बांधून घेतलं होतं. पण कँडीचा रस्ता लांबचा निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी बस पहाटेच सुटली. अंधुक उजेडात छप्पर मागं गेलं. चूल विझलेली होती, बाकं उलटी ठेवलेली. "थांबवा," ती म्हणाली, पण चालकाला मराठी येत नव्हती, आणि किसनराव पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. खरंच झोपले होते का, ह्यावर वसमतमध्ये अजून दोन मतं आहेत.

ती पिठाची पिशवी कँडीला गेली, कोलंबोला गेली, विमानात बसली आणि वसमतला परत आली. तोवर पिठात जाळं झालं होतं.

२००६ साली किसनरावांची पुढची यात्रा निघाली, नेपाळला. शकुमावशी फॉर्म घेऊन दुकानात आली, स्टुलावर बसली आणि ह्या वेळी सही शेवटी केली. मी सेवेच्या रकान्यावर पेन टेकवून थांबलो.

"काय लिहू?"

"लिही, जेवणे."

लिहिलं. किसनरावांनी तो फॉर्म मंजूरही केला, आणि त्या वेळी आचारी पगारी नेला. मावशीने तिथं काय काय खाल्लं, ते तिलाच विचारा. कृती मात्र विचारू नका.

श्रीलंकेचा बेत मी तिच्यासाठी दोनदा चौकशी करून बघितला. पण तिकडे पुन्हा लढाई पेटली आहे आणि यात्रा कोणी काढत नाही. सोमावतीला एखादं कार्ड तरी टाकू, असं मी एकदा सुचवलं, माझ्या चुकीची भरपाई म्हणून.

"पत्ता काय लिहिशील? झाडापासून जवळ?" मावशी म्हणाली. "अन् लिहून काय करू? भाकर टपालानं धाडतेत का रे गाढवा?"

चार आप्पांच्या बदल्यात एक भाकर. तिच्याकडून ती जायची आहे, अजून गेलेली नाही.